पाणी वाहिलं पाहिजे

मी जन्माने आणि सवयीने हिंदू. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा होतो, आणि सासूबाई होत्या तोपर्यंत सोवळ्याच्या बाबतीत घरात कडक शिस्त होती. असं असूनही माझ्या या दोन हातांनी कित्येक बाळांचा बाप्तिस्मा झाला आहे. रीतसर झालेला, चर्चने खरा मानलेला. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे संशयाने बघतात, आणि मग चहा संपवून विषय बदलतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र विषय बदलला नाही. ते म्हणाले, "बाई, हेच लिहा." म्हणून लिहिते आहे. आम्हा ग्वाल्हेरकरांच्या मराठीत हिंदी शब्द न विचारता येऊन बसतात, तेवढं सांभाळून घ्या.

मी नर्स होते. सगळी नोकरी एकाच मिशन हॉस्पिटलात आणि बहुतेक वर्षं एकाच वॉर्डात गेली. वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची, श्वास घेताना दमणारी बाळं आमच्याकडे यायची. शहरातले लोक त्याला 'काँचवाला वार्ड' म्हणायचे, कारण नातेवाइकांना आत येता येत नसे, काचेतूनच बघावं लागे. एवढ्याशा बाळाची शीर हाताच्या कातडीखाली सापडत नाही. कधी कधी ती डोक्यावर शोधावी लागते, तीसुद्धा डोळ्यांनी नाही, बोटाच्या टोकाने. माझं बोट त्या कामात चांगलं होतं. डॉक्टर दमले की म्हणायचे, "मोहिते सिस्टर को बुलाओ." हे लिहिताना मला थोडा गर्व होतो आहे, होऊ दे. आता त्याच बोटांनी सुईत दोरा ओवता येत नाही.

मी नवी होते तेव्हा आमच्या मेट्रन होत्या सिस्टर फिलोमिना. केरळच्या नन, ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. हिंदी अशी बोलायच्या की त्यांना आपण हसायचं आणि त्यांनी आपल्याला रागवायचं, दोन्ही एकदम चालायचं. एका दुपारी त्यांनी मला लिनन रूममध्ये नेलं. तिथे टेबलावर एक कापडी बाहुली, एक स्टीलची वाटी आणि कोमट पाणी ठेवलं होतं.

"सीख लो," त्या म्हणाल्या. "कॅथलिक घरचं बाळ जायला लागलं, आईबापांनी मागितलं आणि फादर वेळेत पोचत नसले तर बाप्तिस्मा तू द्यायचा."

मला वाटलं त्या विसरल्या. म्हटलं, "सिस्टर, मी हिंदू आहे."

"मालूम है. जान जा रही हो तो कोई भी दे सकता है. कोई भी. पाणी देवाचं, शब्द देवाचे. तुझा फक्त हात."

मग त्यांनी नियम सांगितले. पाणी नुसतं लावायचं नाही, पुसायचं नाही, ते डोक्यावरून वाहिलं पाहिजे. ओततानाच म्हणायचं, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. आणि मनात एवढंच हवं की चर्च यातून जे करतं, तेच मला या घडीला करायचं आहे. माझी श्रद्धा असो वा नसो. आमच्या हॉस्पिटलचा त्यावर आणखी एक पक्का नियम होता. ख्रिस्ती आईबापांनी स्वतः मागितल्याशिवाय कोणाच्याही बाळाला पाण्याचा थेंब लावायचा नाही.

मी त्या बाहुलीवर पाणी ओतलं. ज्या घरात विटाळाच्या दिवसांत मला माठाला हात लावायची मुभा नव्हती, त्या घरची मी. आणि इथे एक सबंध धर्म मला सांगत होता की स्वर्गाचं दार अडलं तर तू उघड, आम्ही मान्य करू. इतका मोठा विश्वास माझ्यावर तोवर कोणीच टाकला नव्हता, बँकेनेसुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं नवल वाटतं.

मी विचारलं, "बाप्तिस्मा नाही झाला तर बाळ नरकात जातं का?" सिस्टर म्हणाल्या की जुने लोक मानायचे, आदिपापाचा डाग घेऊनच माणूस जन्मतो आणि तो पाण्याने धुतला जातो. डाग न धुतलेलं बाळ नरकात नाही, पण स्वर्गातही नाही, मधेच कुठेतरी राहतं. दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. "आता चर्च म्हणतं, देवाच्या दयेवर सोडा," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सोडलंय. पण पाणी हातात असताना ओतायला कशाला थांबायचं?"

पुढे माझ्या लक्षात आलं की ख्रिस्ती म्हणजे सगळे एक, ही आपली समजूत आपल्याच अज्ञानातून येते. एकदा एका बाळाचे आजोबा आले, रेल्वेतले निवृत्त गार्ड, दुसऱ्या चर्चचे. त्यांची सून कॅथलिक. मी वाटी घेऊन निघाले तर त्यांनी मला दारात अडवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, पानी किसका है? हमारे चर्च का या उनके चर्च का?"

मी म्हटलं, "सर, तिघरा डॅम का है. उकळून गार केलंय."

आजोबांनी क्षणभर विचार केला. "तब ठीक है," म्हणाले आणि बाजूला झाले. ते बाळ जगलं. अलीकडे ते हरिशंकरपुरममध्ये मोबाईल दुरुस्त करतं आणि मला ओळखत नाही.

सिस्टर फिलोमिनांशी माझं खरं बोलणं व्हायचं ते दुपारच्या चहाला. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "नरक आहे, हे मी मानते. आत कोणी आहे का, ते मला माहीत नाही. मी रोज मागते, की रिकामा असू दे." मला ते फार आवडलं होतं. मग काही दिवसांनी पोलिसांनी एक मुलगी आणून दिली. जन्मून काही तासच झाले होते, आणि अंगावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही. ते कोणीतरी मुद्दाम केलेलं होतं. आम्ही तिला संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं, मग ती गेली. मी हात धुता धुता सिस्टरना म्हणाले, "आज तुमचा नरक रिकामा नको मला. ज्याने हे केलं, त्याच्यासाठी तरी पाहिजे."

त्यांचे डोळे लाल होते. "मैंने भी आज नहीं माँगा," त्या म्हणाल्या. "कल से फिर माँगूँगी."

नरक का लागतो आणि तो का नको, यावर मी पुढे पुष्कळ ऐकलं, पण या दोन वाक्यांच्या पलीकडे मला कोणी नेलं नाही. सिस्टर पुढे निवृत्त होऊन केरळला गेल्या आणि तिथेच वारल्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. हे अलीकडचं, माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातलं.

रोझलीन नावाची शाळामास्तरीण आमच्याकडे बाळंत झाली. सातव्या महिन्यात, पोट फाडून. तिला ताप चढला आणि ती वरच्या मजल्यावर बेशुद्धीच्या काठावर होती. मुलगी माझ्या वॉर्डात आली. माझ्या तळहातावर मावेल एवढी, फुप्फुसं कच्ची. काचेच्या बाहेर दोन माणसं उभी होती. एक रोझलीनची आई, तेरेसा आँटी, जुन्या वळणाची कॅथलिक, हातात जपमाळ. दुसरा रोझलीनचा नवरा सॅम्युएल. आठवडाभर तो विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा आणि रविवारी हजीरा भागातल्या एका हॉलमध्ये प्रवचन करायचा. त्याच्या पंथात बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने मोठं व्हावं, स्वतःचं पाप ओळखावं, स्वतःच्या तोंडाने कबूल करावं आणि मग पाण्यात पूर्ण बुडून वर यावं, असं ते मानतात. रोझलीनचं लग्न याच कारणाने दोनदा मोडता मोडता झालं होतं.

पहिले दोन दिवस दोघंही माझ्याशी चांगले बोलायचे आणि एकमेकांशी नाही. आँटींशी माझी ओळख पटकन जमली, कारण माझ्यासारख्याच त्याही एकेकाळी बिर्लानगरच्या मिलवस्तीत राहिलेल्या निघाल्या. त्यांचे मिस्टर मिलमध्ये होते, माझे वडीलही. मिल बंद पडल्यावर ती मंडळी भोपाळला गेली, ती थेट लेकीच्या बाळंतपणालाच परत आली होती.

सॅम्युएल नरकावर पोटतिडकीने बोलायचा. माझी शिफ्ट बदलताना एकदा मी सहज विचारलं, "भैया, तुमच्या हिशेबाने माझं काय होणार?"

 तो म्हणाला, "सिस्टर, झूठ बोलूँ?"

"नको."

"तो हाँ. मेरी समझ से आप भी." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "इसीलिए रोज़ आपका नाम लेता हूँ, बच्ची के नाम के साथ."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एक परका माणूस, ज्याची स्वतःची मुलगी मरणाच्या दारात आहे, तो मी जळू नये म्हणून रोज देवाकडे रडतो आहे, हे मला झेपलंच नाही. माझ्या घरच्यांनी माझ्या मोक्षाची इतकी काळजी कधी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा श्वास अडखळायला लागला. रंग जायला लागला. आम्ही जे करायचं ते सगळं करत होतो. डॉक्टरांनी बाहेर जाऊन दोघांना खरं ते सांगितलं. आँटी काचेवर हात मारून मला बोलवायला लागल्या. मी दार किलकिलं केलं.

"मोहिते, पानी दे दे. मला माहीत आहे तुला येतं. दे दे."

मी सॅम्युएलकडे बघितलं. त्याने मान हलवली. "नाही. सिस्टर, नहीं. अम्मा, ती निष्पाप आहे. जिने अजून नीट श्वास घेतला नाही तिने पाप कधी केलं? तिच्या डोक्यावर पाणी ओतलं तर मी हे मानल्यासारखं होईल की देव तिला असंच टाकून देणार होता. मी असा देव मानत नाही."

"तू तर दर इतवारी नरकच विकतोस!"

"मोठ्यांसाठी, अम्मा. जे समजून नाही म्हणतात त्यांच्यासाठी. इसके लिए नहीं."

नियम स्पष्ट होता. आई शुद्धीवर नाही, बाप नको म्हणतो आहे, मी काही करू शकत नव्हते. आणि मला त्याचं म्हणणं पटतही होतं. मी आँटींना तसं सांगितलं. त्या माझा हात सोडेनात. मग त्यांनी जे सांगितलं ते लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं.

रोझलीनच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. बिर्लानगरच्या क्वार्टरमध्ये, घरीच, अचानक. दाई म्हणाली की हे काही राहणार नाही. मिस्टर सायकलवर फादरना आणायला धावले. ते येईपर्यंत बाळ गेलं. त्या काळचे फादर कडक होते. बाप्तिस्मा नाही म्हणून कब्रस्तानाच्या आशीर्वादित जमिनीत जागा नाही, घंटा नाही. मिस्टरांनी त्याला भिंतीच्या बाहेर, नाल्याच्या अंगाला एक कडुनिंब होता त्याच्याखाली पुरलं. आँटी तिथे एकदाच गेल्या, पुन्हा कधी नाही.

"मी वाट बघत बसले, मोहिते," त्या म्हणाल्या. "फादर येतील म्हणून. तो माझ्या मांडीवर होता. उशाशी बादली होती, पाण्याने भरलेली. भरी हुई बाल्टी. मला कोणी सांगितलंच नव्हतं की आईसुद्धा देऊ शकते. बाद में पता चला. आता फादर सांगतात की तसं काही नसतं, देवाच्या दयेवर सोडा. आता सांगतात! मी इतकी वर्षं रोज हात घालते त्या बादलीत."

सॅम्युएल भिंतीला टेकून ऐकत होता.  आतून मॉनिटरचा आवाज येत होता. मग त्याने मला विचारलं, "पाण्याने तिला त्रास होईल?"

"नाही. कोमट असतं. थोडंसंच लागतं."

"तो दे दीजिए."

मी म्हटलं, "भैया, मी तुमच्याकडूनच ऐकायला हवं. तुम्ही मागताय का?"

"मागतो. पण ऐका, माझा यावर विश्वास नाही. आज भी नहीं. कृपाला याची गरज नाही." तोवर त्या मुलीला नाव नव्हतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "अम्माला आहे. मी इतकी वर्षं लोकांना नरकातून बाहेर या म्हणून ओरडतो. घरात एक बाई त्यात बसली होती आणि मला दिसलं नाही."

मी दोघांनाही गाऊन चढवून आत घेतलं. वॉर्डाच्या नियमाला ते धरून नव्हतं, पण डॉक्टरांनीच स्वतः दार धरलं. तिच्या डोक्यावर सलाईनची पट्टी होती. मी छोट्या सिरींजमध्ये कोमट पाणी घेतलं, कपाळाच्या वर जिथे जागा मोकळी होती तिथून सोडलं. पाणी वाहिलं पाहिजे. ते वाहिलं, कानामागून खालच्या कापडावर उतरलं. "कृपा, मैं तुझे पिता और पुत्र और पवित्र आत्मा के नाम से बपतिस्मा देती हूँ." एका बाजूला आँटी, दुसऱ्या बाजूला सॅम्युएल, त्याचं एक बोट तिच्या तळपायाला लावलेलं. एकीच्या मते या क्षणी सगळं काही घडलं होतं. दुसऱ्याच्या मते काहीच घडलं नव्हतं. आणि ज्या बाईने ते केलं, ती त्या दुसऱ्याच्या मते नरकात जाणार होती. तरी तिघांचीही नजर त्या ओल्या कपाळावर होती. मी देवळांत, यात्रांत पुष्कळ हात जोडले आहेत, पण देवासमोर उभं राहणं म्हणजे काय ते मला बाळाला ऊब देणाऱ्या त्या वॉर्मरच्या उजेडात कळलं.

कृपा दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. रोझलीनला तोवर थोडी शुद्ध आली होती. तिला खाली आणून बाळ तिच्या कुशीत दिलं. बाप्तिस्मा झाल्याचं कळल्यावर तिने विचारलं, "किसने दिया बपतिस्मा? माँ ने?" सॅम्युएल म्हणाला, "हम सबने."

आँटी मला म्हणाल्या, "हाथ तेरा लगा है. तू चल." म्हणून मी रजा टाकून कब्रस्तानात गेले. शहरातलं जुनं कब्रस्तान, सगळ्या चर्चचं एकच. धुकं नुकतं उठत होतं. छोटी पेटी सॅम्युएलने टेम्पोत मांडीवर धरली होती आणि फाटकापासून आतही ती त्यानेच नेली, कोणाला हात लावू दिला नाही. आँटी माझ्या दंडाला धरून खाली बघत चालत होत्या. मला कळत होतं त्या कशाकडे बघायचं टाळताहेत.

लहान मुलांची जागा अगदी शेवटी होती. चौकीदाराने खड्डा खणून ठेवला होता. आँटींनी मान वर केली आणि जागच्या जागी थांबल्या. समोर एक मोठा, गाठाळलेला कडुनिंब होता. त्याच्या पलीकडे भिंत होती आणि भिंतीच्या पलीकडे नाला.

"ये नीम तो बाहर था," त्या म्हणाल्या.

चौकीदार म्हातारा होता. फावड्याला टेकून म्हणाला, "था, अम्मा. बहुत साल पहले. जगह कम पड़ रही थी, तो दीवार उधर खिसका दी. सब चर्चों के पादरी आए थे, दुआ करके गए."

आँटींनी माझा दंड सोडला. त्या एकट्या झाडाशी गेल्या, खोडाला हात लावला, आणि मग बुंध्याशी जमिनीवर बसल्या, बाळाला मांडीवर घेऊन बसावं तशा. रडल्या नाहीत. मीच रडत होते, सांगायला लाज कसली.

सॅम्युएलने पेटी खाली ठेवली. त्याच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. जे ठरायचं ते मरणाआधी ठरतं, असं ते मानतात. तो आँटींच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि विचारलं, "अम्मा, भैया का नाम क्या था?"

"रखा ही नहीं था."

"अब रख दो."

 त्यांनी मिस्टरांचंच नाव ठेवलं, झेवियर. सॅम्युएलने डोळे मिटून मोठ्याने म्हटलं, "प्रभु, झेवियर और कृपा." पुढे तो काही बोलला नाही. दर रविवारी तासभर बोलणारा माणूस.

परत येताना टेम्पोत त्यांचं पुन्हा जुंपलं. आँटी म्हणत होत्या की पाणी पडलं म्हणूनच कृपाला दार उघडलं. सॅम्युएल म्हणत होता की दार तिच्यासाठी बंदच नव्हतं, अम्मा, आणि तुम्ही आधी स्वतःच्या तारणाचं बघा. कोणीही तसूभर हललं नाही. आजही हललेलं नाही. रोझलीनला नंतर झालेल्या मुलाच्या बाप्तिस्म्यावरून त्यांच्या घरात रोज वाद चालतो, असं ती मला फोनवर सांगते. मला एकच खंत आहे, सिस्टर फिलोमिनांना ही गोष्ट सांगायची राहिली.

हॉस्पिटलच्या फाटकाशी मी उतरले. सॅम्युएल भाडं देत होता. आँटींनी खिडकीतून माझा हात धरला आणि हळूच, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "मोहिते, वो दीवार किसने खिसकाई होगी?"

मी म्हटलं, "चौकीदार म्हणाला ना, आँटी. जागा कमी पडत होती."

त्यांनी थोडा वेळ माझा हात तसाच धरून ठेवला.

"हाँ," त्या म्हणाल्या. "कम पड़ी होगी."